तोट आणि तोटा

कन्नड भाषेत बागेला 'तोट' म्हणतात. शब्दाच्या शेवटचा अकार कन्नड उच्चारात इतका स्पष्ट येतो, की मराठी कानाला तो 'तोटा' असाच ऐकू येतो. बदली होऊन बंगळूरला आल्यावर आम्ही जयनगर भागात एक घर भाड्याने घेतले. पहिल्याच दिवशी घरमालकीण अज्जी आम्हाला गच्चीवर घेऊन गेल्या आणि कोपऱ्यातील चार कुंड्यांकडे हात करून मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, "नम्म तोट!" सोबत सासूबाई होत्या. त्यांनी हळूच मला विचारले, "कसला तोटा झालाय गं यांना?"

त्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मला हसू आणणारे वाटले. पुढे तीन वर्षे मी त्याच गच्चीवर भाजी पिकवली. वाणिज्य शाखेची पदवीधर आणि पेशाने बँकेची अधिकारी असल्यामुळे पै-पैचा हिशेब एका वहीत मांडत गेले. आज ती वही समोर ठेवून हा लेख लिहिताना वाटते, की सासूबाईंचा प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता. तोट आणि तोटा यांचे नाते त्या दोन शब्दांच्या उच्चारापेक्षा बरेच जवळचे आहे.

परसातून गच्चीवर

बंगळूर ही उद्यानांची नगरी. हैदर अलीने १७६० मध्ये ज्या बागेचा पाया घातला, त्या लालबागेत आजही दरवर्षी जानेवारी आणि ऑगस्ट महिन्यांत पुष्पप्रदर्शन भरते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरची सौम्य हवा, उन्हाळ्यातील वळवाच्या सरी आणि ऑक्टोबरपर्यंत लांबणारा पाऊस यांमुळे येथील जुन्या घरांच्या मागे परसबाग असणे ही नित्याची गोष्ट होती. पुढे शहर वाढले, परसांवर इमारती उभ्या राहिल्या आणि उरलेली भाजीची आवड जिना चढून गच्चीवर गेली.

या चळवळीला शास्त्रशुद्ध वळण लावण्यात कृषिशास्त्रज्ञ डॉ. बी. एन. विश्वनाथ यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली शेकडो बंगळूरकर सेंद्रिय गच्चीबाग शिकले. 'गार्डन सिटी फार्मर्स' या संस्थेने २०११ मध्ये 'ऊट फ्रॉम युवर तोट' हा मेळावा सुरू केला. 'ऊट' म्हणजे जेवण. अर्थात आपले जेवण आपल्याच बागेतून. शहराच्या निरनिराळ्या भागांत भरणाऱ्या या मेळाव्यांत बी-बियाणे, खते आणि अनुभव यांची देवघेव होते.

आपल्या महाराष्ट्रातही ही परंपरा आहे. कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या माध्यमातून थोड्या जागेत, उपलब्ध साधनांत विपुल उत्पादन कसे घ्यावे याचा ध्यास घेतला. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चोयट्या वापरून गच्चीवर भाज्या पिकवल्या. तत्कालीन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या खानपान विभागातील अधिकारी प्रीती पाटील यांनी तेथील स्वयंपाकघराच्या ओल्या कचऱ्यातून गच्चीवर बाग फुलवली. नोकरी सांभाळून हे करता येते, हा धीर मला त्यांच्या उदाहरणाने दिला.

भांडवली खर्च

ऑक्टोबर २०२२ मध्ये मी चोवीस पिशव्यांनी प्रारंभ केला. हल्ली बाजारात 'ग्रो बॅग' नावाच्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या मिळतात. पिशव्यांना १,४४० रुपये, लाल मातीला १,२०० रुपये, नारळाच्या भुश्याच्या विटांना १,०८० रुपये, सावलीची जाळी, बांबू व अवजारांना २,२२० रुपये, गांडूळखताला ३,००० रुपये, बियांना ४०० रुपये आणि निंबोळी तेल व पेंडीला ५०० रुपये. एकूण ९,८४० रुपये.

सासूबाई वाईच्या. माहेरी-सासरी परसदारी अळू, कढीपत्ता, भोपळ्याचे वेल यांत वाढलेल्या. मातीची पावती पाहून त्या थक्क झाल्या. "माती विकत आणलीस? आणि शेणखतसुद्धा?" यापुढे त्या काही बोलल्या नाहीत, परंतु दुसऱ्याच दिवशी त्यांनी अज्जींकडून तीन जुनी मडकी मागून आणली, त्यांना भोके पाडली आणि जिन्याखाली त्यांची उतरंड रचली. भाज्यांची साले, निवडलेला पालापाचोळा, चहाचा चोथा हे सारे त्या उतरंडीत जाऊ लागले. दोघींना परस्परांची भाषा येत नव्हती. अज्जी पालेभाजीला 'सोप्पु' म्हणत, सासूबाई 'भाजी'. मायाळूला अज्जी 'बसळे' म्हणाल्या, तेव्हा सासूबाईंनी पान चुरगाळून पाहिले आणि ओळख पटल्यासारखी मान डोलावली.

खर्चाआधी एक हिशेब मात्र प्रत्येकाने करावा आणि तो रुपयांचा नाही, वजनाचा आहे. वापरत्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकानुसार धरला जाणारा भार दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो असतो. ओली माती घनमीटरला साधारण १,७०० किलो भरते. म्हणजे गच्चीभर केवळ दहा सेंटिमीटर मातीचा थर पसरला, तरी ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणून निव्वळ माती न वापरता तीत नारळाचा भुसा व कंपोस्ट मिसळावे, पिशव्या भिंतींच्या व तुळयांच्या कडेने ठेवाव्यात आणि त्यांच्याखाली विटा सरकवून पाणी वाहते राहील असे पाहावे. इमारत जुनी असल्यास अभियंत्याचा सल्ला घेतल्याखेरीज वाफे बांधू नयेत.

पहिल्या वर्षाची जमा

पहिल्या महिन्यात मेथी, पालक आणि माठ उगवले. स्वतः पेरलेल्या मेथीची पहिली जुडी खुडताना जो आनंद झाला, तो पहिल्या पगाराच्या आनंदाशीच तुलना करण्यासारखा होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये टोमॅटो लागले. मी दररोज पाटी भरून खाली आणत असे आणि नेमके त्याच आठवड्यांत कोपऱ्यावरच्या हॉपकॉम्सच्या दुकानात टोमॅटो पंधरा-वीस रुपये किलोने मिळत होते. हॉपकॉम्स ही फळे-भाजी उत्पादकांची सहकारी संस्था १९५९ पासून बंगळूरमध्ये आहे आणि तिचा दरफलक माझ्या हिशेबाचा आधार होता. माझे पीक चांगले आले, कारण हवा चांगली होती. हवा चांगली होती, म्हणून सर्वांचेच पीक चांगले आले, आणि म्हणून भाव पडला. मागणी-पुरवठ्याचा हा नियम मी महाविद्यालयात पाठ केला होता. पाटीत मात्र तो प्रथमच पाहिला.

मे महिन्यात मी टोमॅटोची दुसरी लागवड केली. जूनअखेर कोवळी पाने वरच्या बाजूस आकसू लागली, पिवळी पडली, झाडांची वाढ खुंटली. झाड हलवले की पानांखालून पांढरे ठिपके उडत. ती पांढरी माशी. तिच्यामार्फत पसरणाऱ्या विषाणूमुळे पाने अशी आकसतात. शेतकरी त्याला 'बोकड्या' म्हणतात. निंबोळी तेलाने माशी कमी झाली. परंतु एकदा शिरलेला विषाणू झाडातून जात नाही. आठही झाडे मला उपटावी लागली. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने किलोला शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला आणि तो सर्व देशाच्या चर्चेचा विषय झाला, तेव्हा माझ्या गच्चीवर दोन फळे होती. कोलार पट्ट्यातील शेतांवरही त्या हंगामात रोगाचे सावट होते. कोलारची टोमॅटो बाजारपेठ देशातील सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एक आहे आणि ती येथून सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. भाव माझ्या झाडांमुळे चढला नव्हता; पण माझी झाडे ज्या कारणाने गेली, तशाच कारणांनी तो चढला होता. सप्टेंबरमध्ये नवे पीक बाजारात आले आणि तेच भाव कोसळले.

रुमालातले पान

उपटलेली झाडे गोळा करताना मला एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगितल्यावाचून हा हिशेब पूर्ण होणार नाही.

नोकरीच्या आरंभी, २०१५ च्या सुमारास, मी जुन्नर तालुक्यातील एका ग्रामीण शाखेत होते. नारायणगावचा टोमॅटोबाजार तेथून जवळ. एके दुपारी एक वयस्क शेतकरी माझ्या टेबलासमोर येऊन बसले. त्यांनी खिशातून ओला रुमाल काढला आणि उलगडून माझ्यासमोर ठेवला. त्यात टोमॅटोच्या झाडाचा शेंडा होता. आकसलेली, पिवळी पाने. "मॅडम, आख्खा प्लॉट असा झालाय. हप्त्याला थोडी मुदत मिळंल का?" असे ते म्हणाले.

मी त्यांना नियम सांगितला. शासनाने नैसर्गिक आपत्ती जाहीर केली, पैसेवारी कमी लागली, तर कर्जाचे पुनर्गठन होते; एखाद्याच्या शेतातील रोगासाठी तशी तरतूद नाही. मी सांगितलेला नियम बरोबर होता. ते उठले, रुमाल पुन्हा घडी करून खिशात ठेवला आणि "बरं मॅडम" म्हणून गेले. पुढे त्यांनी मुदतीनंतर, व्याजासह, कर्ज फेडले. कशातून फेडले, हे मी विचारले नाही.

आठ झाडांचे नुकसान झाल्यावर मला त्या दिवसाचे वेगळेच शल्य टोचू लागले. मी नियम मोडायला हवा होता, असे मला आजही वाटत नाही. पण ते पान मी हातात घेऊन पाहिले नव्हते. पाहिले असते, तर हा कोणता रोग, असे विचारले असते. नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथे ते पान घेऊन जा, असे सांगता आले असते. पुढच्या लागवडीला कोणते बी घेणार, हे विचारता आले असते. कर्जाचा तो अर्ज माझ्यासाठी एक एकर क्षेत्र आणि प्रति एकरी मंजूर दर एवढाच होता. त्या एकरात हजारो झाडे असतात आणि त्यांतील प्रत्येक झाडाखालून पांढरी माशी उडू शकते, हे मला कळायला चोवीस पिशव्या लागल्या.

माझी आठ झाडे गेली, तेव्हा आम्ही चार आठवडे चिंचेच्या कोळावर भागवले. त्यांचा प्लॉट गेला, तेव्हा कर्जाऊ पैसा गेला. हा फरक कोणत्याही वहीत मावणारा नाही.

त्यानंतर मी बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेत जाऊन बी आणले. तेथे विकसित झालेला 'अर्का रक्षक' हा टोमॅटोचा संकरित वाण पाने आकसणारा विषाणू, जीवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक आहे. बी महाग असते आणि संकरित असल्यामुळे त्याच्या फळांतील बी पुढच्या वर्षी वापरता येत नाही; परंतु त्यानंतर माझी झाडे टिकली. ज्ञान शेतापासून थोड्या अंतरावर असते आणि तरीही पोचत नाही, याचा हा माझ्यापुरता धडा.

पाण्याची तूट आणि पाण्याचा पूर

दुसऱ्या वर्षीचे संकट पाण्याचे. बंगळूरला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, टप्प्याटप्प्याने उंच चढवून आणले जाते. २०२३ मध्ये पाऊस तुटपुंजा झाला आणि मार्च २०२४ मध्ये शहरात हजारो कूपनलिका आटल्या. पिण्याचे पाणी बागेसाठी व गाड्या धुण्यासाठी वापरल्यास ५,००० रुपये दंड होईल, असा आदेश जल मंडळाने काढला. आदेश योग्यच होता. माणसांना टँकरसाठी रांगा लावाव्या लागत असताना वांग्याला नळाचे पाणी घालणे कोणत्याही विवेकात बसणारे नव्हते.

आम्ही चोवीसपैकी पंधरा पिशव्या रिकाम्या केल्या. उरलेल्या नऊ तांदूळ-डाळी धुतलेल्या आणि भाज्या धुतलेल्या पाण्यावर जगवल्या. मातीवर वाळलेल्या पानांचे आच्छादन घातले. त्यामुळे पाण्याची गरज स्पष्टपणे कमी झाली. अनियमित पाण्यामुळे टोमॅटोच्या बुडाशी काळे डाग मात्र पडले. हा रोग नव्हे. माती एकदा कोरडी, एकदा चिंब अशी होत राहिली, की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. आणि मग त्याच वर्षी २ जून रोजी एका दिवसात १११ मिलिमीटर पाऊस झाला. जून महिन्यातील एका दिवसाच्या पावसाचा शतकाहून जुना विक्रम त्या दिवशी मोडला. तीन महिने ओंजळीने जगवलेल्या मिरचीच्या पिशवीत पाणी तुंबले आणि मुळे कुजली.

माकडांविषयी अधिक लिहीत नाही. बंगळूरच्या अनेक वस्त्यांत त्यांच्या टोळ्या फिरतात. दुधी भोपळा जून होण्याची वाट पाहू नये, एवढेच त्यांनी मला शिकवले.

ताळेबंद

आता प्रत्यक्ष आकडे. पिशव्या, माती, भुसा, जाळी व अवजारे मिळून ५,९४० रुपयांची मालमत्ता तीन वर्षे टिकेल असे गृहीत धरून दरवर्षी १,९८० रुपये घसारा काढला. पहिल्या वर्षी घसारा आणि चालू खर्च ३,९०० रुपये, एकूण ५,८८० रुपये. दुकानाच्या दराने मिळालेल्या भाजीचे मूल्य २,४५० रुपये. तोटा ३,४३० रुपये.

दुसऱ्या वर्षी उतरंडीतले कंपोस्ट घरचेच होते, मेथी-माठाचे बी घरचे होते. चालू खर्च ६२० रुपयांवर आला. एकूण खर्च २,६०० रुपये, परंतु पाणीटंचाईमुळे भाजी १,८५० रुपयांचीच. तोटा ७५० रुपये. तिसऱ्या वर्षी, म्हणजे सप्टेंबर २०२५ अखेर, खर्च २,६२० रुपये, भाजी ३,१८० रुपयांची. प्रथमच ५६० रुपये नफा. तीन वर्षांचा एकत्रित तोटा ३,६२० रुपये. यात रोजच्या तासाभराच्या श्रमाचे मूल्य धरलेले नाही. ते धरले असते, तर कोणत्याही विवेकी बँकेने या प्रकल्पाला कर्ज दिले नसते.

वाचकहो, घरच्या भाजीने महिन्याचा खर्च वाचतो, असे जे सांगितले जाते, त्यावर माझ्या वहीच्या आधारे मी सही करणार नाही. पण काही गोष्टी निश्चित सांगू शकेन. पहिल्या वर्षीच्या जमेतील जवळजवळ निम्मी रक्कम पालेभाज्यांची होती. पालक, माठ, मेथी महिन्या-दीड महिन्यात हाती येतात, रोगांना कमी बळी पडतात आणि दुकानात त्या लवकर सुकतात, म्हणून घरच्या जुडीचे मोल खरोखर अधिक. नवख्याने टोमॅटोच्या मोहात न पडता पाच-सहा पिशव्या पालेभाज्यांनी सुरुवात करावी. खत विकत घेण्याआधी घरातील ओला कचरा जिरवण्याची सोय करावी. तोट्यातून बाहेर येण्याचा माझा मार्ग त्या तीन मडक्यांतूनच गेला. एकाच वेळी सर्व बी पेरू नये, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरावे. आणि वही ठेवावी. बी कधी पेरले, कोणत्या कंपनीचे, कोणत्या आठवड्यात कीड आली हे लिहिलेले नसेल, तर पुढच्या वर्षी आपण तीच चूक नव्या उत्साहाने करतो.

वहीच्या शेवटच्या पानावर मी एक नोंद केली आहे, तिला आकडा नाही. आता होसकोटे भागातील एखाद्या भाजी उत्पादकाचे कर्जप्रकरण आले, की पाहणीच्या वेळी मी सात-बारासारख्या उताऱ्याबरोबरच विहिरीचे पाणी, बियाण्याचा वाण आणि गेल्या हंगामातील कीड यांची चौकशी करते. पाने उलटून खालची बाजू पाहते. काही प्रकरणे त्यामुळे अधिक सक्षम झाली, एका प्रकरणात लागवडीचा महिना बदलण्याचे अर्जदारानेच ठरवले. नियम तेच आहेत. ते लावणाऱ्या व्यक्तीला आता थोडी शेती कळते, इतकेच.

या महिन्यात माझ्या बदलीचा आदेश आला. पिशव्या सोबत नेता येण्याजोग्या नाहीत. अज्जींनी त्या सर्व ठेवून घेतल्या आहेत. काल सासूबाई त्यांना पावट्याच्या वेलाला आधार कसा द्यायचा, ते खुणांनी दाखवत होत्या. डिसेंबर-जानेवारीत बंगळूरमध्ये पावट्याला फार मान असतो. मडक्यांची उतरंड मात्र सासूबाई बरोबर नेणार आहेत. सामानाच्या यादीत मी ती लिहिली, तेव्हा मूल्याचा रकाना कोरा सोडला.